ममदानी विरुद्ध कुओमो: न्यूयॉर्कमधल्या दोन प्रचारपद्धती

न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी २४ जून २०२५ ला झालेल्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, दोन टोकांचे प्रचार समोरासमोर आले.

पैसा आधी बघू. शहरवासीयाच्या पहिल्या २५० डॉलरपर्यंतच्या देणगीवर पालिका आठपट अनुदान देते. म्हणजे १० डॉलर आले की हातात ९० पडतात. झोहरान ममदानींनी यावरच भर दिला आणि खर्चमर्यादा जवळ आल्यावर मार्चमध्येच ‘आता देणग्या पुरे’ असं सांगितलं. मग मागितला तो लोकांचा वेळ, दारोदार फिरायला. अँड्र्यू कुओमोंची मदार ‘फिक्स द सिटी’ या सुपर पॅकवर, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्रपणे अमर्याद पैसा उभारून खर्च करू शकणाऱ्या गटावर होती. त्याने दोन कोटी डॉलरहून जास्त खर्च केले. पण अशा गटाशी उमेदवाराने संगनमत करायचं नसतं. त्या संशयावरून निवडणूक वित्त मंडळाने कुओमोंचं काही अनुदान रोखलं.

मुद्दे? ममदानींचे मोजके, पाठ होतील असे: भाडेवाढ थांबवणं, मोफत बस, पालिकेची किराणा दुकानं. कुओमोंचा भर अनुभव आणि सुरक्षिततेवर. लैंगिक छळाच्या आरोपांनंतर २०२१ मध्ये दिलेल्या गव्हर्नरपदाच्या राजीनाम्याचं ओझं होतंच.

खरा फरक पसंतिक्रमाच्या मतपत्रिकेत पडला. तिथे पसंतीच्या क्रमाने पाच नावं लावता येतात; मागे पडलेला उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. ममदानी आणि दुसरे एक उमेदवार ब्रॅड लँडर यांनी एकमेकांना दुसरी पसंती देण्याचं आवाहन केलं. आणखी एक उमेदवार जेसिका रामोस यांनी कुओमोंना पाठिंबा दिला, कुओमोंनी मात्र परतफेड केली नाही. ही चूक अनाकलनीयच. अखेरच्या फेरीत ममदानींना सुमारे ५६ टक्के मतं मिळाली.

नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत पसंतिक्रम नव्हता. कुओमो अपक्ष लढले, तेव्हा ममदानी जेमतेम ५० टक्क्यांच्या वर गेले.