शिकागोवाली फुकट मराठी डिक्शनरी : ‘लागणे’ टाकून बघा

शिकागो युनिव्हर्सिटीच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या साइटवर मराठीचे जुने दणदणीत शब्दकोश फुकटात पडलेत, आणि तरी आपल्यातले अर्धेअधिक अजून गूगल ट्रान्सलेटवर भागवतात. कोश कसा आहे ते बघायचं तर अगडबंब संस्कृत शब्द टाकू नका, त्यांचा अर्थ कुठेही मिळतो. ‘लागणे’ टाका. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, भात बुडाला लागतो, डॉक्टरचं अक्षर लागत नाही, आणि तो तुझा कोण लागतो रे हे वेगळंच. एसटी स्टँडवर ‘गाडी लागली’ म्हणजे फलाटावर आली, घाटात ‘गाडी लागली’ म्हणजे पिशवी काढा लवकर!

आता मोल्सवर्थ. कंपनी सरकारच्या फौजेतला माणूस, कँडी बंधूंना हाताशी धरून १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ ला सुधारून वाढवलेली आवृत्ती आली, साइटवर आहे ती हीच. एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे पर्शियन, या खुणा एकदा कळल्या की मग नुसतं वाचत बसावंसं वाटतं. फक्त शोधताना क्रियापदावर जुना अनुस्वार द्या, ‘लागणें’ असं, कारण १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम व्हायला तेव्हा शंभरेक वर्षं होती. आणि फोन लागत नाही, थिएटरला पिक्चर लागलाय असलं काही त्यात मिळायचं नाही, उघडच आहे.

इंग्रजीतून अर्थ नको असेल तर तिथेच दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, १९३२ पासून खंड निघाले त्याचे, सगळं मराठीतून मराठीत. माझं मत विचाराल तर मराठी माणसाने आधी हाच उघडावा, मोल्सवर्थ नंतर.

पण ‘लागणे’ची खरी गंमत नुसत्या अर्थांच्या यादीतून कळत नाही. ‘मी जायला लागलो’ म्हणजे निघालो, सुरुवात केली. ‘मला जायला लागलं’ म्हणजे मनात नव्हतं तरी जावंच लागलं. क्रियापद तेच, ‘जायला’ पण तेच, नुसतं मी चं मला झालं आणि राजीखुशीची सक्ती झाली की हो! भाच्याला परदेशात मराठी शिकवताय आणि लिंक पाठवून मोकळे होणार असाल तर तसं नको, शेजारी बसून अशी वाक्यं करून घ्या, नाहीतर तो पाठ केलेल्या अर्थातला पहिला उचलेल आणि ‘मी घरी जावं लागतो’ म्हणेल.

लेखन, भाषांतर, शब्दकोडी करणाऱ्यांना पाचपैकी साडेचार. नव्याने मराठी शिकणाऱ्याला एकट्याने वापरायला तीन, तेही ओढूनताणून.