आउटबोर्डचा कार्बोरेटर: जुन्यात किट टाकावं की तयार नवा बसवावा?

ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात उतरल्या की लहान आउटबोर्डवाल्यांपुढे, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला इंजिन लावणाऱ्यांपुढे, एक प्रश्न हमखास येतो. मासेमारी बंदीचे दोन महिने, 1 जून ते 31 जुलै, पडून राहिलेलं मशीन चोक ओढला की चालतं आणि चोक आत ढकलला की बंद पडतं. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, तुंबलाय हे कळायला मिस्त्री लागत नाही. अडतं ते त्याच्या पुढे. जुनाच कार्बोरेटर उघडून, धुऊन त्यात दुरुस्तीचं किट (नीडल, गॅस्केट, ओ-रिंगा) टाकायचं, की दुकानात मिळणारा तयार नवा आणून दोन बोल्ट आवळून मोकळं व्हायचं? तयार म्हणजे इंजिनाच्या कंपनीचा नव्हे, तर त्याच मापाचा, स्वस्तातला, बिननावाचा. कंपनीचा मूळ कार्बोरेटर ही तिसरी वाट आहे, पण त्याची किंमत ऐकली की लहान होडीवाला बहुधा या दोन वाटांकडेच वळतो.

मी दोन्ही वापरलेत, एकाच मशीनवर. मशीन 15 अश्वशक्तीचं, दोन स्ट्रोकचं, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारं. होडी फायबरची, वावर सिंधुदुर्गातल्या खाडीत आणि खाडीच्या मुखाबाहेर जाळी असतात तिथवर. माझं मत या मशीनपुरतं आणि या पाण्यापुरतं धरा.

खर्च करण्याआधी दोष खरंच कार्बोरेटरचा आहे का, ते बघून घ्या. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला, पाइपाच्या कनेक्टरमधली ओ-रिंग चिरली, फिल्टरमध्ये पाणी साचलं, तरी लक्षणं हुबेहूब हीच दिसतात. मशीन मरायला लागलं की कुणाला तरी पाइपावरचा रबरी बल्ब दाबत राहायला सांगा. बल्ब दाबल्यावर सावरत असेल तर दुखणं मशीनच्याच पेट्रोल पंपाच्या डायफ्रॅममध्ये (रबरी पडद्यात) किंवा पाइपात आहे, कार्बोरेटर बदलून काही होणार नाही. बल्बने फरक पडत नाही, पण चोक अर्धा ओढला की सावरतं, तर मात्र आत पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) किंवा आतली एखादी वाट तुंबलीय. आणि बल्ब दाबून दाबून हात दुखला तरी तो कडक होत नाही, वर कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकतंय, तर वाटीतलं पेट्रोल भरलं की वाट बंद करणारी, तरंगत्या फ्लोटची नीडल बसत नाहीये. या शेवटच्या दोन बाबतींतच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

कार्बोरेटर कशामुळे तुंबतो, हेही लक्षात घ्यायला हवं, कारण त्यावर निवड थोडी अवलंबून आहे. 50 ला 1 तेल मिसळलेलं पेट्रोल फ्लोटच्या वाटीत राहिलं की पेट्रोल उडून जातं आणि तेलाचा चिकट थर मागे उरतो. हळू चालताना पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं भोक सगळ्यात बारीक, म्हणून पहिला तोच जातो आणि स्लो, म्हणजे खालच्या रेसवरचं चालणं, बिघडतो. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत मुभा 10 टक्क्यांपर्यंतचीच असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, म्हणजे नेमके जेटपाशी. पितळेवर हिरवा आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरा भुगा दिसतो तो यातूनच. तुम्ही कितीही नवा कार्बोरेटर बसवा, ही कारणं जागेवरच राहतात. पुढच्या पावसाळ्यात तोही उघडावाच लागेल, हे धरून चाला.

आता तयार कार्बोरेटर. त्याची बाजू कमकुवत नाही. हंगाम सुरू झालेला असतो, शेजारच्या होड्या मासळी घेऊन येत असतात आणि आपण स्क्रूशी झटत बसलेलो असतो. वाटीचे स्क्रू मिठाने असे धरतात की डोकं झिजतं पण स्क्रू हलत नाही. तयार घेतला की हे सगळं टळतं. फ्लोट नवा, नीडल नवी, जेट स्वच्छ. माझ्या मशीनवर बोल्टची भोकं बरोबर जुळली, थ्रॉटलची दांडी जुळली, चोकची कडी किंचित वाकवावी लागली एवढंच. मशीन लगेच सुरू झालं आणि मोकळ्या पाण्यात पूर्ण रेसवर जुन्यासारखंच धावलं. वेगात फरक जाणवला नाही.

फरक जाणवला तो हळू चालवताना, आणि माझा निर्णय याच एका गोष्टीने झाला.

जाळ्याचा बोया दिसला की रेस उतरवून, गियर न काढता होडी हळूहळू त्याच्यापाशी न्यायची असते. एक जण पुढे वाकून दोर धरतो, दुसऱ्याचा हात थ्रॉटलवर. गियर काढला तर वारा होडी बाजूला नेतो, रेस जास्त ठेवली तर दोर पंख्यात जायची भीती. मशीनने त्या अगदी खालच्या रेसवर, पंख्याचं ओझं घेऊन, शांतपणे चालत राहायला हवं. नव्या कार्बोरेटरवर ते न्यूट्रलमध्ये छान चालायचं. गियर टाकून रेस उतरवली की दोन-चार आचके देऊन बंद. पुन्हा दोरी ओढा, तोवर बोया मागे. त्याहून वाईट म्हणजे स्लोवरून रेस थोडीशी वाढवली की मधे एक पोकळ क्षण यायचा, मशीन श्वास अडकल्यासारखं थबकायचं आणि मग उचल घ्यायचं. आमच्या खाडीच्या मुखाशी वाळूची पट्टी आहे. तिथे लाट मागून येऊ द्यायची, रेस धरून थांबायचं आणि ती पुढे गेली की लगेच उचल घ्यायची, अशी रीत आहे. नेमक्या त्या जागी मशीन थबकलं की पोटात गोळा येतो. मोकळ्या समुद्रात ही खोड कुणी चालवूनही घेईल, पण पट्टीवर नाही.

उपाय केले. स्लोचं मिश्रण जुळवणारा पायलट स्क्रू आत-बाहेर करून पाहिला. स्लोचा स्क्रू चढवला, तर मशीन बंद पडायचं थांबलं, पण गियर टाकताना खाडकन आवाज येऊ लागला, आणि असा आवाज रोज येत राहिला तर गियरच्या दात्यांची झीज ठरलेली. मग जुन्या कार्बोरेटरमधले जेट काढून नव्यात घातले. जेटवर नंबर असतात, ते जुळत नव्हते. त्याने बरंच सुधारलं, पण तो मधला पोकळ क्षण गेला नाही. रेस वाढवली की उघडते त्या थ्रॉटलच्या चकतीच्या काठाशी दोन-तीन बारीक भोकं असतात. चकती उघडू लागली की पायलट जेटकडून जास्त रेसच्या मेन जेटकडे जाईपर्यंतचा काळ तीच भोकं सांभाळतात. ती केसभर पुढेमागे पडली तर कुठल्याही स्क्रूने ती चूक भरून निघत नाही. दोन्ही कार्बोरेटर शेजारी धरून चकती हळूच उघडली तर भोकं उघडी पडण्यातला फरक डोळ्यांना दिसत होता. मापाचं साधन मी लावलेलं नाही, जे दिसलं ते सांगतोय. दुसऱ्या कुणाला मिळालेला याच जातीचा कार्बोरेटर नीट निघूही शकतो. आमच्याकडे प्रवासी होड्यांवर असे बसवलेले आहेत आणि त्यांचे मालक खूश आहेत. त्यांचं काम जेटीपासून सरळ जायचं आणि सरळ यायचं, स्लोवर फार वेळ राहायचं नाही.

शेवटी मी जुना कार्बोरेटर उघडून त्यात किट टाकलं आणि आजवर तोच चालतोय. स्लो धरून राहतो आणि पट्टीवर उचल मागितली की देतो.

किटचं काम अवघड नाही, पण अर्धवट केलं तर व्यर्थ जातं, आणि किटला नावं ठेवली जातात ती बहुतेक अर्धवट कामामुळेच. वाटीच्या स्क्रूंवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि खाचेत घट्ट बसणाराच पेचकस वापरा. पायलट स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत बसेपर्यंत फिरवा आणि किती फेरे गेले ते लिहून ठेवा; बसवताना तेवढेच फेरे बाहेर घ्यायचे. जोराने आवळलात तर त्याचं टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. जेटच्या भोकात लोखंडी तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग ते जेट फेकावंच लागतं. कार्बोरेटर क्लीनर मारण्यापूर्वी रबराचं सगळं बाहेर काढा.

सगळ्यात महत्त्वाचं काम त्या चकतीजवळच्या बारीक भोकांचं. बऱ्याच कार्बोरेटरवर त्यांच्या वर एक छोटं झाकण किंवा टोपण असतं आणि घाईत ते उघडलंच जात नाही. वाटी धुतली, जेट फुंकले, संपलं काम. मग स्लो राहत नाही आणि ठपका जुन्या कार्बोरेटरवर येतो. पायलटच्या वाटेतून क्लीनर मारला की प्रत्येक भोकातून वेगळी धार दिसली पाहिजे. डोळ्यांना चष्मा लावूनच हे करा, धार सरळ तोंडावर येते. एका जरी भोकातून धार आली नाही तर पुन्हा भिजवा, हवा मारा, घाई करू नका. मग नवी नीडल, नवं गॅस्केट, नव्या ओ-रिंगा, आणि कार्बोरेटर उलटा धरून फ्लोटची उंची मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे. फ्लोट आणि जेट प्रत्येक किटमध्ये असतातच असं नाही. घेताना विचारून घ्या.

दोन स्ट्रोकवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आपल्या मशीनला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. मेन जेट अर्धा तुंबला किंवा चुकीच्या मापाचा लागला, तर पेट्रोलबरोबर तेलही कमी जातं आणि इंजिन तापतं ते वेगळंच. पूर्ण रेसवर असं बराच वेळ चाललं की पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. म्हणून तयार कार्बोरेटर बसवायचाच असेल, तर निदान जेटचे नंबर जुन्याशी ताडून मगच समुद्रात जा. दोन-तीन कार्बोरेटरवाल्या मशीनवर तर त्यातला एकच बदलण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. सगळ्या चकत्या एकाच वेळी, सारख्या उघडाव्या लागतात.

किट कुठे कमी पडतं हेही सांगायला हवं. जुन्याचं अंगच आतून खाल्लं गेलं असेल, पितळी जेटचे आटे गेले असतील, किंवा थ्रॉटलची दांडी आपल्या भोकात खुळखुळत असेल, तर किट काही करू शकत नाही. दांडीची परीक्षा सोपी आहे. मशीन स्लोवर चालू असताना दांडीच्या टोकापाशी क्लीनरचा अगदी हलका फवारा मारा, इंजिन गरम झालेलं नसताना आणि जपून. आवाज बदलला तर तिथून हवा आत जातेय. अशा वेळी पैशाची सोय होत असेल तर मूळ कंपनीचा घ्या. नसेल तर भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या मशीनचा कार्बोरेटर शोधून त्यात किट टाका. दोन्ही जमलं नाही आणि हंगाम निघून चालला असेल, तर तयार नवा बसवण्यात काही गैर नाही.

किट मागवताना नुसती अश्वशक्ती सांगू नका. एकाच ताकदीच्या मशीनवर वेगवेगळ्या सालांत वेगळे कार्बोरेटर आलेले असतात. होडीच्या मागच्या फळीला पकडणाऱ्या ब्रॅकेटवर पट्टी असते, तिच्यावरचा मॉडेल नंबर द्या. मीठ घासून काढल्याशिवाय तो वाचता येत नाही, म्हणून दुकानात जाण्याआधीच फोटो काढून ठेवा. आणि तयार कार्बोरेटर आधीच आणला असेल तर जुना भंगारात देऊ नका. सवडीने उघडून धुवा, किट टाका आणि परत चढवा. उतरवलेला तयार कार्बोरेटर, दोन गॅस्केट आणि बोल्टची किल्ली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून होडीत ठेवा. बाहेर काही झालंच तर पूर्ण रेसवर जेटीपर्यंत आणायला तो पुरेसा आहे.