तापाचं औषध मापायला टोपण, ड्रॉपर की सिरिंज?

पॅरासिटॅमॉल कधी द्यायचं, दोन डोसांमध्ये किती तास सोडायचे, हे आईबापांना नव्याने सांगायला नको. घोडं अडतं ते मापायचं कशाने यावर. आमच्या घरात टोपण, ड्रॉपर आणि सिरिंज असे तिन्ही प्रकार होऊन गेले. घरचा चमचा मी धरतच नाही. चहाचा, पोह्यांचा आणि लोणच्याच्या बरणीतला, तिन्ही आमच्याकडे ‘एक चमचा’च असतात.

टोपणाशी माझं वैर नाही. बाटलीबरोबर फुकट येतं आणि नळाखाली धरलं की स्वच्छ. थोरल्याला, म्हणजे सात वर्षांच्या वीस किलोच्या गड्याला, डॉक्टरांनी 250 च्या सिरपचं, म्हणजे 5 मिलीत 250 मिलिग्रॅम औषध असलेल्या सिरपचं, 5 मिली लिहून दिलंय. पाचची रेघ टोपणावर असते. तो स्वतः पितो, तोंड वाकडं करतो आणि पाणी मागतो. त्याच्यापुरता विषय संपला.

अडचण धाकटीची. ती वर्षाची, नऊ किलोची. किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम या हिशेबाने तिला एका वेळी 90 ते 135 मिलिग्रॅम लागतं. डॉक्टरांनी 120 च्या सिरपचं 4 मिली सांगितलंय. आता टोपण हातात घेऊन बघा. रेघा अडीच, पाच, साडेसात, दहा. चारला रेघच नाही! आणि ज्या रेघा आहेत त्याही पारदर्शक प्लॅस्टिकवर पारदर्शकच उठवलेल्या. झिरोच्या दिव्यात, पोर कडेवर तापाने फणफणलेलं, आणि मी टोपण डोळ्यांसमोर धरून ‘पाचच्या जरा खाली’ शोधतोय. बायको म्हणते कमी झालं, आई म्हणते जास्त झालं. माझं टोपणावरून मन उडालं ते याच एका कटकटीपायी.

एका रविवारी आम्ही पाणी घेऊन खेळ केला. तिघांनी आपापल्या नजरेने टोपणात ‘चार मिली’ ओतलं आणि मी ते सिरिंजने ओढून मोजलं. बायकोचं 3.4 निघालं, माझं 4.6 आणि आईचं 5.2. याला प्रयोग म्हणता येणार नाही, पण मला पुरला. त्यात सिरप पाण्यासारखं निघून येत नाही, टोपणाच्या तळाशी चिकटून बसतं. वर धाकटीने ऐन वेळी मान झटकली की उरलेलं फ्रॉकवर. किती पोटात गेलं हे मग कोणी सांगायचं?

ड्रॉपर खरं तर तिच्या वयाला सोयीचा. ड्रॉप्समध्ये मिलीमागे 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे एक मिलीत काम होतं आणि थुंकायला फार काही उरत नाही. घरात औषध देणारा एकच माणूस असेल तर मी ड्रॉप्सना नाही म्हणणार नाही. आमच्याकडे एकदा आईने तीच बाटली उचलली आणि सवयीने टोपणात ओतायला घेतली. नाव तेच, रंगही जवळपास तोच. चार मिली गेलं असतं तर 400 मिलिग्रॅम, म्हणजे चौपट. आणि जास्तीचं पॅरासिटॅमॉल यकृताला भोवतं. वेळेवर लक्ष गेलं म्हणून निभावलं. अमेरिकेत याच घोळापायी 2011 मध्ये कंपन्यांनी लहान मुलांच्या पातळ पॅरासिटॅमॉलला 5 मिलीत 160 मिलिग्रॅम हे एकच प्रमाण ठेवायचं ठरवलं. आपल्याकडे ड्रॉप्स, 120-125 आणि 240-250 असं सगळं एकाच फळीवर सापडतं.

राहिली सिरिंज. मेडिकलमध्ये 5 मिलीची मागितली की पहिला प्रश्न येतो, ‘इंजेक्शन कुणाला द्यायचंय?’ बिनसुईची ओरल सिरिंज मिळाली तर उत्तमच. मला साधीच मिळाली, तेव्हा सुई आणि टोकाचं टोपण दुकानातच ठेवून आलो. ते इवलंसं टोपण पोराच्या घशात जायला वेळ लागत नाही. बाटली नीट हलवायची, थोडं औषध वाटीत काढायचं, ओढायचं, बुडबुडा घालवायचा आणि रबराची पुढची कड चारच्या रेघेवर आणायची. काळी रेघ, काळं रबर, वादाला जागा नाही. टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडायचं. सरळ घशात पिचकारी मारली की ठसका लागतो.

खोडी हिच्यातही आहेत. धुऊन धुऊन आकडे पुसट होतात, रबर अडकायला लागतं. मी तापाच्या प्रत्येक खेपेला नवी आणतो, काही रुपयांचा प्रश्न असतो. आणि सिरिंज माप चोख देते, बाटली चुकीची असेल तर ते तिला कळत नाही. 250 च्या बाटलीतून चार मिली ओढलं तर 200 मिलिग्रॅम अगदी बिनचूक जाईल. म्हणून थोरल्याचं 250 आता वरच्या फळीवर असतं आणि धाकटीच्या बाटलीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलंय: ‘120. नऊ किलो. 4 मिली. सहा तास. दिवसात चारदाच.’ वजन वाढलं की डॉक्टरांना विचारून पट्टी बदलतो.

तुमचं मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तर यातलं काहीच कामाचं नाही, ताप दिसला की थेट दवाखाना. तुमच्या पोराचा डोस नेमका रेघेवर बसत असेल आणि ते निमूट पीत असेल, तर टोपणावर भागेल. आमचं भागलं नाही. आई अजून तिला सिरिंज म्हणत नाही. अंग गरम लागलं की स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘अरे, ती रंगपंचमीची पिचकारी कुठे ठेवलीस?’