डोलकाठीला डायनिमाचे तणावे: हंगामभर वापरल्यानंतर

होडी सात मीटरची, डोलकाठी अॅल्युमिनियमची, सुमारे ८ मीटर उंच. बाजूचे तणावे, म्हणजे श्राउड, आधी ४ मिमीच्या १×१९ (एकत्र पिळलेल्या १९ धाग्यांच्या) स्टेनलेस तारेचे होते. आता तिथे ६ मिमीचा बारा पेडी डायनिमा, म्हणजे अतिमजबूत पॉलिइथिलीन धाग्यांचा दोर, आहे. पुढचा तणावा, फोरस्टे, मुद्दाम तारेचाच ठेवला. नवी तार घातली, एवढंच. हॅलयार्ड (शीड वर ओढायचे दोर) आणि डोलकाठीच्या टोकावरच्या कप्प्या बदलल्या, जुने रिव्हेट काढून नवे मारले. दोर उत्तम निघाला. पण तणावा मधोमध जवळपास कधीच तुटत नाही, तो टोकाशी तुटतो. त्यामुळे खर्च आणि मेहनत कुठे घालायची हे टोकंच ठरवतात.

जुनी तार काढताना खालच्या टर्मिनलपासून, म्हणजे तारेच्या टोकावरच्या धातूच्या जोडापासून, तपासणी सुरू करावी. तार जिथे दाबून बसवलेल्या टर्मिनलमध्ये शिरते तिथे पाणी उतरून साचतं. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा टिकायला ऑक्सिजन लागतो. बंद फटीत तो मिळत नाही, म्हणून गंज आतून चालू होतो आणि बाहेर फक्त तपकिरी ओघळ दिसतो. टर्मिनलवर उभी, केसासारखी भेग असू शकते. ती भिंगाशिवाय दिसत नाही. शंका आली तर भेग दाखवणारा रंग लावून बघावं. तारेचा एकच धागा तुटला असला तरी तो तणावा बाद. टर्नबकलला (ताण कमी-जास्त करायच्या स्क्रूला) टेप गच्च गुंडाळायची सवय याच कारणाने सोडावी, कारण टेपखाली पाणी राहतं आणि हवा मात्र जात नाही.

जाडीबद्दल बराच गोंधळ दिसतो. ताकद बघून डायनिमा निवडला तर तो बारीक निवडला जातो आणि मग ताणतो. ४ मिमीची १×१९ तार साधारण १,३०० ते १,४०० किलोला तुटते. ६ मिमीचा डायनिमा त्याच्या दुपटीहून बराच जास्त भार घेतो. एवढी ताकद या होडीला लागतच नाही. पण सततच्या भाराखाली डायनिमा हळूहळू कायमचा लांबतो, आणि उष्णता व भार वाढला की हे लांबणंही वाढतं. दोर जाड घेतला की भार त्याच्या क्षमतेच्या लहानशा भागावर राहतो आणि हे लांबणं नगण्य होतं. विणल्यावर गरम करून ताणलेला दोर मिळत असेल तर तोच घ्यावा. वजनातला फरक मोठा आहे: ४ मिमी तार १०० मीटरला जवळपास ८ किलो, ६ मिमी डायनिमा अडीच किलोच्या आत. वरचं वजन कमी झाल्याने होडी झुळकीत कमी झुकते आणि लवकर सावरते. एकट्याने डोलकाठी उभी करणंही सोपं झालं.

आता स्प्लाइस, म्हणजे दोराचं टोक त्याच्याच पोटात घालून केलेला फास. डायनिमाला गाठ मारून तणावा करू नये. गाठीत त्याची निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद जाते. टोक दोराच्या पोटात दोराच्या व्यासाच्या ७२ पट लांब घालावं, म्हणजे ६ मिमीला सुमारे ४३ सेंटीमीटर. आत जाणाऱ्या टोकाचे पेड एकेक करून कमी करत ते निमुळतं करावं. बोथट टोक आत राहिलं की दोर तिथे एकदम बारीक होतो आणि नेमका तिथेच भार एकवटतो. भार नसताना स्प्लाइस सरकू नये म्हणून घशाशी (टोक आत शिरतं तिथे) लॉक घालावं किंवा दोऱ्याने शिवून घ्यावं. थिंबलचा (फासाच्या आत बसणाऱ्या कडीचा) व्यास दोराच्या किमान ५ पट ठेवावा. तारेसाठीचं पातळ, धारदार कडेचं थिंबल इथे चालत नाही.

लांबी मोजताना पहिल्या भाराची बैठक लक्षात घ्यावी. नवे पेड आणि स्प्लाइस दोन्ही बसतात आणि तणावा काही सेंटीमीटर लांबतो. म्हणून आधी दोर विंचवर (दोर ओढायच्या रहाटावर) भरपूर ताणून ठेवावा, नंतर मापावं आणि तयार तणावा थोडा आखूडच करावा. खाली टर्नबकल ठेवलं तर त्याचा फेरा पहिल्याच महिन्यात संपण्याचा धोका असतो. आम्ही दोन गुळगुळीत कड्यांमध्ये ३ मिमी डायनिमाचे सहा वेढे घेतले. वेढ्यांत घर्षण असल्याने प्रत्येक वेढा वेगळा ओढून सारखा करावा लागतो, आणि दोर निसरडा असल्याने शेवटी पाच-सहा अर्धगाठी मारून टोक शिवावं लागतं. हंगामाच्या सुरुवातीला दोनदा पुन्हा ताणावं लागलं, नंतर नाही.

तापमानाचा परिणाम मात्र कायम राहतो. अॅल्युमिनियम तापल्यावर वाढतं: ८ मीटर डोलकाठी २० अंशांच्या फरकाने जवळपास ३.७ मिमी. स्टेनलेस तारही वाढते, त्यामुळे तिथे फरक फक्त एक-सव्वा मिमीचा उरतो. डायनिमा उलट किंचित आखडतो. म्हणजे दुपारी तणावे घट्ट, पहाटे सैल. ताण थंड वेळी लावला तर दुपारी जास्त होतो, म्हणून मध्यम तापमानात लावावा.

झीज हा या दोराचा खरा शत्रू. पृष्ठभागावर लव येते ती चिंतेची नाही, ती आतल्या धाग्यांचं ऊन अडवते. पण जिथे पेड कापला गेला आहे किंवा वितळून कडक झाला आहे, ती जागा बाद. डायनिमा १४५ अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे दुसरा दोर त्याच्यावरून वेगाने घासत जाणं घातक आहे. स्प्रेडरची (तणावे डोलकाठीपासून बाजूला धरणाऱ्या आडव्या दांड्यांची) टोकं तारेसाठी घडवलेली असतात. त्यांच्या कडा कानशीने गोल करून, पॉलिश करून वर चामडं बांधलं. स्प्रेडरने तणाव्याचा कोन वर-खाली सारखा विभागायला हवा, म्हणजे टोक किंचित वर. फोरस्टेला दोर लावला नाही कारण जिबचे (पुढच्या शिडाचे) धातूचे हुक त्यावर करवतीसारखे चालतात.

हॅलयार्डला पॉलिएस्टर कवच आणि डायनिमा गाभा असलेला ८ मिमी दोर घेतला. वारा वाढला की पूर्वी शिडाची पुढची कड सैल पडून फुगवटा मागे सरकायचा. आता तो जागेवर राहतो. हा फायदा तणाव्यांपेक्षाही जास्त जाणवतो. पैसे थोडे असतील तर सुरुवात इथूनच करावी. पण तारेच्या खोल, अरुंद खाचेच्या जुन्या कप्पीवर दोर चालवू नये. खाचेच्या कडा कवच फाडतात. कप्पी आणि गाल (तिच्या बाजूच्या भिंती) यांच्यातली फट एक मिमीपेक्षा जास्त असेल तर दोर तिथे उतरून अडकतो. क्लचमध्ये (दोर पकडून धरणाऱ्या चापात) कवच गाभ्यावरून सरकतं, म्हणून त्या भागात दोन्ही एकत्र शिवावेत. दरवर्षी शिडाकडचं टोक ३० सेंटीमीटर कापलं की झीज एकाच जागी राहत नाही.

डोलकाठीवर पांढरी भुकटी किंवा रंगाखाली फुगवटा दिसला तर स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम थेट भिडले आहेत. रिव्हेटचं फक्त डोकं ड्रिलने काढावं, भोक मोठं करू नये. ४.८ मिमीचे मोनेल (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट मारायला लांब दांड्यांचं रिव्हेटर लागतं. प्रत्येक ठिकाणी गंजरोधक पेस्ट लावावीच. डोलकाठीच्या पायाशी पाणी निघायचं छिद्र मोकळं ठेवा.

ताण लावताना आधी हॅलयार्डचं टोक दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटला (तणावे अडकवायच्या होडीवरच्या पट्टीला) लावून डोलकाठी सरळ आहे का बघावं, मग वरचे तणावे, मग खालचे. तारेला सोपं माप आहे: १×१९ तारेवर २ मीटर लांबीत १ मिमी वाढ म्हणजे तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण. फोरस्टेला हे वापरता येतं. डायनिमाला लागू नाही. तिथे पाण्यावरच बघावं: होडी २० अंश कलली असताना वाऱ्याआडचा वरचा तणावा लोंबायला नको. कोटर पिनचे (जोड सुटू नये म्हणून घालायच्या दुपायी पिनचे) पाय १०-२० अंशच उघडावेत, म्हणजे अडचणीत चटकन निघतात.

आखूड, वारंवार उतरवल्या जाणाऱ्या डोलकाठीला हा बदल जरूर करावा. होडी पाण्यावर वर्षभर उभी राहणार आणि तपासायला कोणी वर चढणार नसेल, तर चांगली ३१६ (गंज जास्त सोसणाऱ्या स्टेनलेसची) तार आणि नवे टर्मिनल घ्यावेत. आम्ही डायनिमाचे तणावे पाच वर्षांनी बदलायचे ठरवलं आहे, आणि खालच्या कड्यांचे वेढे दरवर्षी. तेवढा दोर फार महाग नसतो.