सेकंडहँड १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड घेताय? जुनं कार्ड हातातनं सोडायच्या आधी हे वाचा

माझा मावसभाऊ जुळे सोलापूरला राहतो, डिप्लोमाला आहे. त्याच्याकडं चौथ्या जनरेशनचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड असा पीसी होता. कार्ड २०१४ सालचं, २ जीबीचं, पण व्हॅलोरंट गेम मस्त चालायचा आणि जीटीए फाइव्हपण सेटिंग कमी करून चालायचं. नवीन गेम मात्र २ जीबीत बसत नव्हते म्हणून त्याला १०५० टीआय घ्यायचं होतं, आणि स्वस्तात मिळत असेल तर तो विचार चुकीचा अजिबात नव्हता, कारण ४ जीबी मेमरी मिळते, ७५ वॅटमध्ये भागतं म्हणून एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) बदलायला लागत नाही, आणि त्याहून मोठं कार्ड त्या जुन्या आय५वर लावून तसा उपयोगही नसतो.

ऑनलाइन जाहिरात बघून तो शहरातल्या एका दुकानात गेला (नाव लिहीत नाही). सौदा ठरला जुनं कार्ड आणि वर साडेतीन हजार. हे पैसे त्यानं जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेत स्टॉलवर उभं राहून कमावलेले, म्हणून मला जास्त राग आहे. दुकानदारानं कार्ड लावून दाखवलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव आलं ‘जीटीएक्स १०५० टीआय’, आणि म्हणाला, "बघ की भावा, नाव दिसालंय, अजून काय पाहिजे?" बिल मागितलं तर साध्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली.

घरी आल्यावर व्हॅलोरंटला आधी शंभराच्या आसपास एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) यायचे ते पन्नासच्या खाली आले. जीटीए चालू केलं की थोड्या वेळात स्क्रीनवर रंगीत चौकोन आणि मग सगळं बंद. ड्रायव्हर अपडेट केला तर काळी स्क्रीन. पोरगं दोन दिवस विंडोज परत टाकत बसलं, त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय.

मी गेलो तेव्हा पहिली नजर गेली मागच्या पोर्टवर, तिथं निळं व्हीजीए, म्हणजे जुन्या मॉनिटरचं अ‍ॅनालॉग पोर्ट. एनव्हिडियानं १०००च्या सिरीजमध्ये अ‍ॅनालॉग आउटपुटच काढून टाकलेलं, त्यामुळं १०५० टीआयवर व्हीजीए दिसलं की तिथंच थांबायचं. मग जीपीयू-झेड टाकलं, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर. हे फुकट मिळतं, छोटंसं आहे. त्यात नावाच्या आधी कंसात ‘फेक’ लिहून आलं आणि एनव्हिडियाच्या लोगोच्या जागी पिवळं उद्गारचिन्ह. शेडर्स (चिपमधले चित्र काढणारे छोटे कोअर) १९२. खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. शेवटी मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवूनच हीटसिंक काढला, वाळलेली पेस्ट कापसानं पुसली, तर चिपवर स्पष्ट जीएफ११६. म्हणजे २०११च्या जीटीएक्स ५५० टीआयच्या काळातली, फर्मी नावाच्या जुन्या पिढीची चिप, जिचे नवीन ड्रायव्हर एनव्हिडियानं २०१८लाच बंद केलेत.

हे लोक करतात काय तर जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डातच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) नाव आणि मेमरीचा आकडा बदलून टाकतात, आणि विंडोज बिचारं बायोस जे सांगेल तेच दाखवतं. लाल डब्याला शिवशाहीचा बोर्ड लावावा तसं. कार्डावर खरी मेमरी १ जीबी, दाखवणार ४, आणि गेमनं एकपेक्षा जास्त मागितली की क्रॅश. त्यामुळं दुकानात डेस्कटॉप दिसला, यूट्यूब चाललं, याला काही अर्थ नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं दिलेलं ७५० टीआय या कार्डापेक्षा कितीतरी चांगलं होतं. पैसे देऊन पोरगं मागं गेलं.

आम्ही दुकानात परत गेलो. "आम्हालाबी पुढनं तसंच आलंय ओ, आम्ही काय चिप उघडून बघतो का?" मी म्हणलं मालक, मग आमचं जुनं कार्ड तरी द्या. तर ते विकलं म्हणे.

तर घ्यायला जाताना पेनड्राइव्हमध्ये नवीन जीपीयू-झेड स्वतः डाउनलोड करून न्या, दुकानदाराच्या पीसीवरचं चालवू नका, कारण फेक ओळखायची सोय २०१८च्या शेवटापासूनच्या व्हर्जनलाच आहे. स्वतःचा गेम पंधरा-वीस मिनिटं तिथंच चालवून बघा, दुकानदार नाही म्हणाला तर उठून या. एक्स्चेंज तर करूच नका, जुनं कार्ड आठवडाभर घरात राहू द्या, मग विका. आणि बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, चिठ्ठी, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि तो व्हिडिओ जोडून. तिथं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत, ५ लाखांच्या आतल्या तक्रारीला फी लागत नाही. कुणाला इथंच असं कार्ड मिळालं असेल तर चिठ्ठी फेकू नका, सांगा, सगळे मिळून तक्रार करू.