कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांसाठी ‘साइन लर्न’: दहा हजार खुणा हाताशी, पुढे काय?

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा सांकेतिक भाषेचा कोश २०१८ साली आला तेव्हा त्यात ३,००० शब्द होते, प्रत्येकाच्या खुणेच्या व्हिडिओसह. २०१९ मध्ये ते ६,००० झाले, फेब्रुवारी २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,०००. हे व्हिडिओ यूट्यूबवर मोफत पाहता येतात. ‘साइन लर्न’ या मोफत ॲपमध्ये तेच शब्द हिंदी किंवा इंग्रजीतून शोधायची सोय आहे. मराठी माध्यमाच्या कर्णबधिर शाळेतला शिक्षक द्विभाषिक पद्धतीसाठी तयार करायचा, म्हणजे सगळे विषय सांकेतिक भाषेतून आणि वाचन-लेखन मराठीतून, तर हे साधन कितपत पुरतं?

शब्दांपुरतं भरपूर पुरतं. रोजच्या वापरातल्या शब्दांबरोबर शालेय, कायदा, वैद्यक, शेती या क्षेत्रांतले शब्द आहेत, काही ठिकाणी वेगवेगळ्या प्रांतांतल्या खुणाही दिल्या आहेत. शाळाशाळांतून शिक्षक पारिभाषिक शब्दांना मनाने खुणा ठरवतात आणि मूल शाळा बदललं की त्या खुणा निरुपयोगी होतात. विज्ञान किंवा नागरिकशास्त्राचा पाठ घेण्याआधी कोश उघडायची सवय लागली, तर हा गोंधळ बराच कमी होतो. एवढ्याचसाठीसुद्धा ॲप प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये हवं.

हिंदीतून शोधताना मात्र सावध राहावं लागतं. ‘शिक्षा’ हा हिंदीत शिक्षणाचा शब्द आहे, आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड. ‘संसार’ तिकडे जग, इकडे घरसंसार. ‘चेष्टा’ तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. व्हिडिओत चित्र असेल तर चूक लगेच कळते, नसेल तर चुकीची खूण थेट वर्गात पोचते. इंग्रजीतून पुन्हा एकदा पडताळून घ्यावं.

दुसरी उणीव याहून मोठी. शोध शब्दाकडून खुणेकडे जातो, उलटा जात नाही. मुलाने वर्गात एखादी खूण केली आणि ती शिक्षकाला ठाऊक नसली, तर कोश मदतीला येत नाही. नव्या शिक्षकाची नेमकी हीच अडचण दिवसातून दहा वेळा होते.

पण खरी अडचण ॲपच्या बाहेर आहे. मराठी शिक्षक कोशातले शब्द पाठ करतो आणि मराठी वाक्य हातांवर उतरवतो. तसं करावंसं वाटतं त्याला कारणही आहे. दोन्ही भाषांत क्रियापद साधारणपणे शेवटी येतं, नकारही शेवटी येतो, त्यामुळे ‘मी चहा पीत नाही’ सरळ जमून जातं. फसगत प्रश्नापाशी होते. मराठीत ‘तू कुठे राहतोस?’, सांकेतिक भाषेत ‘तू–राहणं–कुठे’, आणि त्याबरोबर चेहराही हवा. हो-नाहीच्या प्रश्नात तर प्रश्न बहुतेक भुवयांतच असतो. भुवया वर गेल्या नाहीत, तर ‘तू जेवलास?’ हे ‘तू जेवलास’ असं साधं विधान होऊन बसतं, आणि मूल उत्तर देत नाही म्हणून त्याच्यावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो.

‘मांजर टेबलाखाली आहे’ हे वाक्य प्रशिक्षणात जरूर घ्यावं. कोशावर विसंबलेला शिक्षक मांजर, टेबल, खाली अशा तीन खुणा ओळीने करतो आणि ‘आहे’साठी चौथी शोधत बसतो. सांकेतिक भाषेत ‘आहे’ वेगळं दाखवायची गरज नसते. आधी टेबल, मग एक पंजा आडवा धरून टेबलाचा पृष्ठभाग, मग मांजराची खूण, आणि दुसऱ्या हाताने मांजराची जागा त्या पंजाखाली. ‘खाली’ हा शब्द जागेनेच सांगितला जातो. असं अवकाशाचं व्याकरण सुट्या शब्दांच्या व्हिडिओंतून शिकता येत नाही. ‘लागणे’चंही तसंच: भूक लागली, ठेच लागली, दार लागलं, वेळ लागला, प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा, म्हणून खूणही वेगळी.

इथूनच लिखित मराठीकडे जावं लागतं. कर्णबधिर मुलं ‘मी शाळा जा’ असं लिहितात. बुद्धी कमी म्हणून नव्हे, ‘शाळेत’मधलं सामान्यरूप आणि प्रत्यय त्यांना कधी नीट पोचलेलाच नसतो म्हणून. उपाय साखळीचा आहे: फळ्यावरच्या ‘शाळेत’ शब्दावर बोट, मग शाळेची खूण, मग ‘त’ला वेगळ्या रंगाच्या खडूने गोल आणि आत जाण्याची दिशा हाताने, मग पुन्हा बोट छापील शब्दावर. एका तासात एकच प्रत्यय, पाच-सहा वाक्यांत. आणि हे करताना तोंड बंद. बोलता बोलता खुणा केल्या की बोलणं पुढे पळतं, हात मागे पडतात, चेहरा कोरा राहतो. मुलापर्यंत ना धड मराठी जाते, ना सांकेतिक भाषा.

म्हणून कोशाच्या जोडीला बहिरा प्रशिक्षक हवाच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधलं कलम १७ सांकेतिक भाषेत पारंगत शिक्षक, दिव्यांग शिक्षकांसह, घडवायला आणि नेमायला सांगतं. कोश काढणाऱ्या याच दिल्लीच्या केंद्राची ‘डीटीआयएसएल’ (डिप्लोमा इन टीचिंग इंडियन साइन लँग्वेज) ही पदविका बहिऱ्या व्यक्तींना सांकेतिक भाषेचे शिक्षक म्हणून तयार करते. आठवड्याला येत्या पाठातले १५ शब्द कोशातून घ्यावेत, त्यांची वाक्यं बहिऱ्या प्रशिक्षकाकडून शिकावीत, दोन मिनिटांचा आवाज बंद केलेला व्हिडिओ करून त्याच्याकडूनच तपासून घ्यावा. फक्त हात तपासू नयेत, चेहरा आणि नजरही पाहावी. आरशासमोरचा सराव यापुढे फिका पडतो, कारण आरसा चूक सांगत नाही.

देशपातळीवर शालेय पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीशी दिल्लीच्या या केंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये करार केला आणि पाठ्यपुस्तकं सांकेतिक भाषेत आणायचं काम हाती घेतलं. वाक्यं आणि समजावून सांगण्याची पद्धत बघायला हे व्हिडिओ कोशापेक्षा उपयोगी. बालभारतीचं पुस्तक शिकवणाऱ्याला मात्र त्यातले धडे शोधून जुळवावे लागतील. गणित-विज्ञानात हे जमतं, मराठीच्या पुस्तकाला काहीच लागू पडत नाही.

वर्गात वापरताना: बाकं अर्धवर्तुळात, सहा ते आठ मुलं, खिडकी शिक्षकाच्या पाठीमागे नको, नाहीतर हात नि चेहरा काळे दिसतात. मुलं व्हिडिओ बघत असताना शिक्षकाने खुणा करू नयेत, डोळे एका वेळी एकाच ठिकाणी असतात. व्हिडिओ थांबवावा, नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबावं, मग सांगावं. नेटवर्क कच्चं असेल तिथे दुसऱ्या दिवशीच्या पाठाचे व्हिडिओ आदल्या रात्री यूट्यूबवर ऑफलाइन ठेवावेत.