मडगार्डचा सांधा: गॅस, सीओटू की आर्गॉन?

वाळूच्या पिशवीवर ठोकून, इंग्लिश व्हीलवर (दोन चाकांमध्ये दाबून पत्र्याला वळण देणारं यंत्र) फिरवून मडगार्डचे दोन भाग तयार झाले, टेम्पलेटलाही बसले. आता ते जोडायचे कशाने? डेंटिंगवाला बहुधा सीओटू (वायर आपोआप पुढे येणारं मिग वेल्डिंग) सुचवतो, कारण मशीन त्याच्या हाताशी असतं. भोसरी एमआयडीसीत आर्गॉनवाले (टंगस्टनच्या टोकाने टिग वेल्डिंग करणारे) सहज सापडतात, आणि जुन्या कारागिरांकडे गॅसचा (ऑक्सिजन-ॲसिटिलीनचा) टॉर्च अजून चालतो. पत्रा तिन्हींनी जोडला जातो. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: तो सांधा नंतर हातोडी-डॉलीवर (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) ठोकता येईल का?

ठोकावा तर लागतोच. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, सांध्याच्या रेषेत पत्रा आखूड होतो, रेघ आत ओढली जाते आणि बाजूच्या पत्र्याला लाटा येतात. मागे डॉली धरून ती रेघ हातोडीने चेपली की धातू पसरतो आणि आखूड झालेली लांबी परत मिळते. हे जमलं नाही तर खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरणं एवढंच उरतं, आणि जाड लांबी पुढेमागे तडकते.

सीओटूची अडचण इथेच आहे. त्याचा टाका उंच आणि कडक होतो, कारण वायरीत मँगनीज-सिलिकॉन जास्त असतं आणि भोवतीचा थंड पत्रा उष्णता झटकन ओढून घेतो. हातोडी मारली की टाका चेपत नाही, शेजारचा पत्राच ताणला जातो. म्हणून आधी ग्राइंडर फिरवावा लागतो, त्याच्या उष्णतेने पत्रा पुन्हा हलतो आणि सांध्याच्या कडा पातळ होतात. तरीही सीओटूच करायचं असेल तर ०.८ ऐवजी ०.६ मिमी वायर घ्या, शुद्ध सीओटूऐवजी आर्गॉनचं मिक्स वापरा (ठिणग्या कमी उडतात) आणि सलग रेघ ओढू नका. २५ मिमीवर एकेक टाका, मग उड्या मारत मधल्या जागा भरायच्या. मागचा टाका हात लावण्याइतका निवल्याशिवाय त्याच्या शेजारी दुसरा नको.

गॅसचा सांधा सगळ्यांत मऊ. सावकाश तापतो, सावकाश निवतो, म्हणून हातोडीखाली पत्र्यासारखाच वागतो. पण उष्णता रुंद पसरते, आकार जास्त बिघडतो आणि ठोकायचं कामही तितकंच वाढतं. ज्योत न्यूट्रल हवी: आतला शंकू स्वच्छ, भोवती पिसासारखी धूसर कड नसलेला. ॲसिटिलीन जास्त झालं तर कार्बन शिरून सांधा ठिसूळ होतो, ऑक्सिजन जास्त झाला तर धातू फसफसतो आणि जळतो. भरायला १.६ मिमीची सीसीएमएस (तांब्याचा मुलामा दिलेली माइल्ड स्टीलची) रॉड चालते, त्याच पत्र्याची कापलेली बारीक पट्टीही उत्तम.

आर्गॉन या दोहोंच्या मधला, आणि बाहेरच्या पत्र्यासाठी आमची पसंती त्यालाच. उष्णता अरुंद पट्ट्यात राहते. २० गेजच्या, म्हणजे सुमारे ०.९ मिमी पत्र्याला ३५-४० अँपिअर पुरतात. टंगस्टन १.६ मिमी, गॅस मिनिटाला ६-८ लिटर. मात्र कडा एकमेकींना अशा भिडलेल्या हव्यात की मधून उजेड दिसू नये. फट असेल तिथे रॉड जास्त जाते, रेघ जाड होते आणि आकसणंही वाढतं. स्टीलच्या टाक्या करणाऱ्याच्या हाताला भरपूर रॉड घालायची सवय असते. त्याला आधीच सांगा, रॉड कमीत कमी. टाके २५-३० मिमीवर घेऊन ते ठोकून सपाट करायचे, मगच रेघ.

आर्गॉन आणि सीओटू, दोन्हींना वारा चालत नाही. मे महिन्यात शेडमधला पंखा चालू राहिला की गॅस उडतो आणि सांध्यात टाचणीएवढी भोकं पडतात. पत्रा गॅल्व्हनाइज्ड असेल तर कडेचं जस्त दोन्ही बाजूंनी घासून काढा. नाहीतर सांधा फसफसतो, टंगस्टन खराब होतं आणि त्या धुराने वेल्डरला ताप भरतो.

निवड मागून हात पोचतो की नाही यावर करा. मडगार्ड, बॉनेट, दरवाजाचा पत्रा असेल तर आर्गॉन. गॅसवर खरोखर हात बसलेला कारागीर मिळाला तर गॅस. बंद सिल (दरवाजाखालची पोकळ पट्टी), फ्लोअर, आतले ब्रॅकेट यांच्यामागे डॉली जातच नाही, तिथे सीओटू बिनधास्त वापरा, उगाच आर्गॉनचे पैसे घालू नका. सांधा कुठे घ्यायचा हेही आधी ठरवा. सपाट भागाच्या मधोमध नको, वळणाजवळ घ्या. वळलेला पत्रा ओढ सहन करतो, सपाट पत्रा अंगठ्याने दाबला की टक् करून आत जायला लागतो.

ॲल्युमिनियमचं मडगार्ड असेल तर सीओटू बादच. गॅसने करता येतं, पण फ्लक्स (ऑक्साइडचा थर काढणारी पावडर) लागतो, तो नंतर गरम पाण्याने पूर्ण धुवावा लागतो, आणि ॲल्युमिनियम लाल न होताच ६६० अंशांना वितळून खाली पडतं. आर्गॉनवाल्याला मशीन एसी-डीसी आहे का ते विचारा. नुसत्या डीसी मशीनवर नेहमीच्या पद्धतीने ॲल्युमिनियम होत नाही.

काम देण्याआधी तुमच्याच पत्र्याच्या १५० मिमी लांब, ५० मिमी रुंद दोन पट्ट्या जोडून मागा, ग्राइंडर न लावता. आधी मागची बाजू बघा, मग डॉलीवर ठेवून रेघ चेपा आणि शेवटी वाइसमध्ये धरून रेघेवरच वाकवा. मागे रेघ सलग उमटलेली नसेल किंवा कडेने केसाएवढी चीर गेली, तर मडगार्ड त्या हातात देऊ नका.